जावक वहीतल्या बाई

“रिकामी ओळ ठेवत नाई भाऊ मी. रिकाम्या ओळीत कोनीबी येऊन बसते.” असं म्हणत बाई जावक वहीत पट्टीनं रेघ मारायच्या आणि शाईवर फुंकर घालायच्या.

आमच्या तालुक्याच्या ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जाई. त्यांनी नंबर आणि तारीख टाकली की मगच तो सरकारी. तोवर साहेबांची सही असली तरी रद्दी. मी शेजारच्या टेबलावर. एकदा रजेच्या कागदाला कालची तारीख मागून पाहिली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काल तं संपला नं भाऊ. आजचा घ्या, ताजा आहे.” जशी काही भाजीच विकत होत्या!

तुमच्याही ऑफिसात अशी कोणी असेल तर जपून राहा बरं. जमलं तर चहाही पाजा.

एक दिवस बपेरा गावच्या रेशन दुकानवालीची फाइल आली. घर त्या दुकानावरच चालायचं. तक्रार अशी, की दुकानाला दोन दिवस कुलूप होतं. साहेबांनी खुलासा मागायची नोटीस आणि परवाना रद्द करायचा आदेश, दोन्हींवर एकाच दमात सही ठोकली होती. आणि बाईंना निरोप: नोटिशीवर आठ दिवस मागची तारीख टाका, म्हणजे खुलाशाची मुदत संपलेली दिसेल.

बाई वही घेऊन थेट आत गेल्या. मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं दाराशी.

“साहेब, मांगं जागाच नाई. साऱ्या ओळी भरल्या.”

“मधे कुठं तरी घुसवा.”

“कायले घुसवता? नोटीस आज जाऊ द्या. तिले बोलू द्या. मंग आदेश काढा, लागन तं दोन काढा.”

साहेब लालबुंद झाले. पण वही बाईंच्या काखेत होती. नोटीस त्या दिवशीच्याच तारखेनं गेली.

आठ दिवसांनी दुकानवाली आली. हातात अंगठा लावायचं मशीन. “गावात नेटवर्कच नव्हतं साहेब. मशीन अन् काटा घेऊन मी तलावाच्या पाळीवर बसली होती, तिथं रेंज भेटते. कुलूप दुकानाले होतं, धान्य तं साऱ्यायले भेटलं.” मशीन तपासलं. तक्रार करणाऱ्या महाशयांचाही अंगठा त्यात सापडला! पाळीवरूनच तांदूळ नेला होता गड्यानं. परवाना वाचला.

साहेबांना ते फार झोंबलं. आठवड्याच्या आत आदेश निघाला, बाईंनी उद्यापासून नाकाडोंगरीच्या ऑफिसात कामगिरीवर जावं. त्यांना कोणी एका शब्दानं विचारलं नाही. आणि गंमत पाहा, तो आदेश नंबरासाठी त्यांच्याच टेबलावर आला.

“दाबून ठेवा दोन दिवस,” मी चिडून म्हणालो.

“काहून? आपला कागद आला म्हनून नियम बदलते का?”

त्यांनी नंबर टाकला, तारीख टाकली, आणि शेऱ्याच्या रकान्यात गोल अक्षरात लिहिलं, ‘संबंधितांचे म्हणणे ऐकले नाही.’ मग डबा पिशवीत घालून निघून गेल्या. डोळे माझेच भरून आले होते.

पुढे भंडाऱ्याहून मोठे साहेब दप्तर तपासायला आले. पानं उलटता उलटता त्यांचं बोट नेमकं त्या शेऱ्यावर थांबलं. त्यांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

“सर, लिहायच्या आधी माझं ऐकून तर घ्या!” आमच्या साहेबांना घाम फुटला होता.

मला हसू आवरेना. आणि त्याच क्षणी बाईंची फार आठवण आली. त्या तिथं असत्या तर त्यांनी आधी मला डोळ्यांनीच गप्प केलं असतं, आणि मग मोठ्या साहेबांना सांगितलं असतं, “बोलू द्या नं त्यायले.”