दहा खंडांत नसलेलं वाक्य

माझी धाकटी जाऊ आष्टीकडची. अक्षराशी तिची ओळखच नव्हती. मी मात्र मिशनच्या बोर्डिंगात राहून इंग्रजी शिकलेली. जालन्यातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचणारी बाई मी एकटीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही मिशनच्या दवाखान्यात कामाला. घर एक, चूल एक, जातंही एकच.

पाद्रीसाहेबांच्या बायकोला आम्ही मडमबाई म्हणायचो. त्यांच्या कपाटात कातडी बांधणीचे दहा खंड होते. ख्रिस्ती धर्म अगदी नवा होता, त्या काळातल्या एका पंडिताचं सगळं लिखाण गोळा करून इंग्रजीत उतरवलेलं. लग्न न करता बैराग्यासारखा राहिलेला माणूस, आणि पवित्र शास्त्रातल्या ओळीन्‌ ओळीवर त्यानं भाष्य लिहिलेलं. साध्या विहिरीच्या गोष्टीत त्याला एकाखाली एक तीन अर्थ दिसायचे. मडमबाई मला एकेक खंड वाचायला द्यायच्या. पदराखाली तो खंड धरून मी वस्तीतून चालायची, तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नसत.

पहाटे धाकटी दळायला बसे. मी माझी तान्ही पोरगी मांडीवर घेऊन, शेजारी कंदील ठेवून वाचे आणि तिला मराठीत अर्थ सांगे. खरं तर तिला कळावं म्हणून नव्हे, मला किती कळतं ते तिला दिसावं म्हणून! ती "हां अक्का, हां" करत दळत राही. आणि दोन दिवसांनी बघावं तर त्याच अर्थाची ओवी तिच्या तोंडात. आठ दिवसांत ती ओवी विहिरीवर, पंधरा दिवसांत दवाखान्याच्या ओसरीवर. डोळे फोडून वाचायचं मी, आणि "धाकटी काय गोड सांगती गं!" हे ऐकायचंही मीच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यातच बायांच्या वॉर्डात बायबलबाई नेमायचं ठरलं. आजारी बायांपाशी बसायचं, त्यांना शास्त्रातलं सांगायचं, समजवायचं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की झोप उडाली. एवढं शिकून मी चुलीपुढं फुंकणी घेऊन बसले होते, आणि यापुढं असं दार उघडणार नव्हतं. हे काम माझंच, असं मी धरून चालले होते. एके दिवशी मडमबाई म्हणाल्या, "शनिवारी वॉर्डात तुम्ही दोघी बोला. मी ऐकते."

दोघी! मला तोंडात मारल्यासारखं झालं.

शुक्रवारी पहाटे मी पहिला खंड उघडला. देवानं उजेड केला, त्या ओळीवरचं भाष्य होतं. पानावर नजर ठेवून मी चक्क थाप मारली. म्हटलं, "पंडित काय म्हणतो माहितीय? देवानं उजेड केला खरा, पण अंधार फेकून दिला न्हाई. घडी घालून उशापाशी ठेवला. लेकरू निजलं की त्याला पांघरायला."

डोक्यात आलं ते बोलून गेले. असलं बायकी, चुलीपाशी बसून सुचलेलं बोलणं त्या पंडिताच्या तोंडी शोभणारच नव्हतं. मडमबाईंनी दहाही खंड वाचलेले. त्या भर वॉर्डात म्हणतील, हे कुठून आणलंस? मंग कळेल धाकटीला! तिनं जात्याचा खुंटा धरून ठेवला आणि माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग दळायला लागली.

शनिवारी आधी मी बोलले. अगदी बराबर, खंड-पानासकट. बाया जांभया देत होत्या. मग धाकटी एका बाळंतिणीच्या खाटेपाशी खाली बसली आणि म्हणाली,

देवानं केला बाई, उजेड पह्यल्या दिशी
अंधार घडी केला, ठेवला उशापाशी
निजल्या तान्ह्यावर, हळूच पांघरला
दिवा गं देवाजीनं, बाजूला सारला

मी मडमबाईंकडं बघत होते. आता हसतील, आता चिडतील. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं आणि त्या रडायला लागल्या. मला तेव्हा आठवलं. त्यांचं दोन वर्षांचं लेकरू चर्चमागच्या कबरस्तानात होतं. काम धाकटीला मिळालं.

धाकटीच्या ओव्या माझ्या वाचनातून येतात, हे मडमबाईंना ठाऊक होतं. वर त्या मलाच म्हणाल्या, "पंडिताचं ते वाक्य मी विसरले कशी? पान शोधून दे. मला आईला लिहायचंय." माझी मीच केलेली फजिती! माझीच थाप मी महिनाभर दहा खंडांत शोधत बसले. शेवटी सांगितलं, त्या पानाला वाळवी लागली. खरं बोलले असते, तर वाक्य माझं ठरलं असतं. पण ते कशासाठी रचलं, हेही सांगावं लागलं असतं. विलायतेला परत जाण्याआधी त्यांनी लेकराच्या दगडावर ते वाक्य कोरून घेतलं. खाली त्या पंडिताचं नाव. दर रविवारी चर्चला जाताना मी तो दगड बघायची, आणि आता त्या पंडितावरही जळायची.

पुढं कैक वर्षांनी, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत पिठाची गिरणी बंद पडली. अडगळीतलं जातं काढून आम्ही दोघी पुन्हा समोरासमोर बसलो. केस पिकले होते. वॉर्डात धाकटीला सगळ्या बाया माय म्हणत होत्या. दळता दळता ती म्हणाली, "अक्का, ते अंधाराचं तुमचंच होतं न्हाई का?"

माझा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"तो बुवा बिनलेकराचा. त्याला काय ठाऊक लेकरू कसं निजतं? पोरगी झोपली की तुम्ही कंदिलाला पदर आडवा धरायच्या. मी बघत होते की."

"मंग मडमबाईला का न्हाई बोललीस?"

"तुम्हीच बोलल्या न्हाई, अक्का. मला काम मिळावं म्हणून आपलं चांगलं वाक्य मला देऊन गप बसल्या. एवढं मोठं मन! मी कोणत्या तोंडानं बोलू?"

ती ते मनापासून बोलत होती. डोळे भरले होते तिचे. ओव्यांवरून जळले, वॉर्डावरून जळले, पण त्या घडीला जेवढी जळले तेवढी कधीच नाही. माझ्या एवढ्या काळ्या कामातून तिला माझा मोठेपणाच दिसावा, असले डोळे देवानं तिलाच का दिले?

खरं सांगायला ओठ उघडले. आणि म्हटलं, "दळ बाई जल्दी, पीठ पुरायचं न्हाई."