फ्रिजमधली चावी

सायुरीबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या आणि चहाच्या आधी त्यांनी मला फ्रिज बंद करायला लावला. वर स्वतःच्या घराची चावी आत, अंड्यांच्या कप्प्यात ठेवली. फ्रिजमध्ये माझा श्रीखंडाचा चक्का होता. म्हटलं, झालं, दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या अख्ख्या कंपाउंडमध्ये ही वल्ली नेमकी माझ्याच शेजारी यायची होती.

त्या जपानहून आलेल्या, माहितीपट करायच्या. वर्ल्डकपसाठी सगळं दोहा खणून ठेवलं होतं, तेव्हाची गोष्ट. माझी मुलाखत झाली की त्यांना रिकाम्या खोलीचा नुसता आवाज टेप करून घ्यायचा होता, त्यात फ्रिजची घरघर नको. आणि निघताना तो सुरू करायचा राहू नये म्हणून चावी आत. "चावी अंदर है, तो मैं भूल के कैसे जाएगा?" हे हिंदी त्या कानपूरला कुठल्याशा जुन्या फिल्मच्या वेळी शिकल्या होत्या. साठीच्या बाई, पुरुषासारखे कापलेले पांढरे केस, आणि चहात साखर घातली की चेहरा असा करायच्या की मी विषच दिलंय.

त्यांचा दुसरा नियम त्याहून चमत्कारिक होता. ज्याला कॅमेऱ्यात घेतलं, त्यालाच ते आधी दाखवायचं, आणि जिथे घेतलं तिथेच. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचं. "पहले वो देखेगा, बाद में दुनिया." दुनियेतल्या किती चांगल्या गोष्टी अशा पुसल्या असतील, असं मी एकदा विचारलं. तर हसून म्हणाल्या, "सबसे अच्छा वाला ही जाता है."

मराठी कामगारांशी बोलायला त्यांना दुभाषी हवी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावापलीकडे कामगारांचा एक कॅम्प होता. तिथे लातूरकडचा माणिक भेटला, वेल्डर. त्याच्या खोलीतला भागवत स्टेडियमच्या कामावर भर दुपारी सावलीला टेकला तो उठलाच नाही. कागदावर नुसतं हृदय बंद पडलं असं आलं. माणिकने हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. त्या दिवशी उन्हात कोणी उभं केलं, तेही नाव घेऊन. बोलताना तो सारखा भागवतच्या रिकाम्या कॉटकडे बघत होता. बाहेर आलो तर फाटकापाशी एक पांढरी गाडी उभी होती, काचा काळ्या.

पुढच्या शुक्रवारी ती गाडी आमच्या कंपाउंडबाहेर दिसली. शनिवारीही. वॉचमन माझ्याकडे बघेनासा झाला. आमचे हे कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "तुझा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. आता यात पडू नकोस."

मी सायुरीबाईंकडे गेले आणि चांगली भांडले. म्हटलं, "फोनवर दाखवा त्याला. परत कॅम्पवर कशाला जायचं? सुखाचा जीव दुःखात घालायची हौस आहे का? तुम्ही विमानात बसाल, त्याचं काय होईल?"

"इसलिए ही जाना है," त्या म्हणाल्या. "फोन पे आदमी डर के हाँ बोल देता है."

एवढी घाबरलेली मी कधीच नव्हते, पण गेले. माणिक कुठल्या शब्दात नाही म्हणेल, ते त्यांना नीट कळायला हवं होतं.

माणिकने कॉटवर बसून सगळं पाहिलं. भागवतचं नाव आलं तेव्हा त्याने डोळे पुसले. मग मला म्हणाला, "ताई, पुसून टाका म्हणावं त्यांना. भागवत तर गेला. माझ्या माघारी माझ्या लेकरांचं कोण हाय?"

मी सांगितलं. त्या महिनोन् महिने ज्याच्यामागे होत्या, ते हेच चित्रण होतं. त्यांनी एकदाही विचार कर म्हटलं नाही. त्याच्या हातात कॅमेरा दिला, बटण दाखवलं आणि त्यालाच पुसायला लावलं. मग म्हणाल्या, आता फक्त खोलीचा आवाज घेते. खोलीतला फ्रिज बंद केला, चावी आत ठेवली आणि आम्ही तिघं गप्प बसलो. एसीची पाइप ठिबकत होती. तेवढ्यात बाहेर गाडीची दारं वाजली.

दोन माणसं आत आली. ओरडली नाहीत, उलट मॅडम, मॅडम करत होती. कॅमेरा घेतला, तिथेच लावून पाहिला. त्यात एक रिकामी कॉट होती आणि ठिबकण्याचा आवाज. माणिककडे बघून एकाने विचारलं, याने काय सांगितलं? सायुरीबाई म्हणाल्या, "कुछ नहीं. शरमाता है." त्या माणसांनी मला टॅक्सीने घरी जायला सांगितलं आणि बाईंना त्या पांढऱ्या गाडीत बसवलं. खोलीतून निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं ते फ्रिजकडे.

दुसऱ्या दिवशी माणिकचा फोन आला. "ताई, बाईंची चावी फ्रिजातच राहिली." मी ती आणली आणि शेजारचं दार उघडलं. आत काही नव्हतं. कपडे, टेपा, चहाचा कप, काही नाही. फरशी पुसून लख्ख केलेली होती.

आठवड्याने एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "माणिक?" मी लिहिलं, "कामावर आहे. ठीक आहे." त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

स्टेडियम झालं, सामने झाले. माणिक गावी गेला, तिथे त्याने वेल्डिंगचं दुकान टाकलं. दिवाळीला फोन करतो आणि दरवेळी आधी हेच विचारतो, बाईंचं काही कळलं का. चावी मी अंड्यांच्या कप्प्यात ठेवली आहे. आमचे हे म्हणतात, आता काढून टाक. मी काढत नाही.