वरचं पाणी

सुधाताईंच्या टेबलावर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या वाळत असत. पाहुण्यांना वाटे, हाही प्रयोगच. मुळशीतल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, पण त्यांना टाकवत काहीच नसे. "टाकण्याआधी विचारावं, बाबा, तुझ्यात काही आहे का?" असं त्या म्हणत.

संशोधनही तसलंच. पेशी अतिसूक्ष्म थैल्या बाहेर सोडतात. बरीच वर्षं तो कचरा समजला जाई. ताईंचं म्हणणं, कर्करोगाच्या पेशींनी सोडलेल्या थैल्यांवर रोगाच्या खुणा असतात. त्या दाखवल्या, तर शरीरातले झोपलेले रक्षक जागे होऊन शत्रूला ओळखतील.

मी त्यांचा सहायक, पुस्तकं वाचून हुशार झालेला. नळी यंत्रात फिरवली की पेशी तळाशी बसतात; त्या ठेवायच्या, वरचं पाणी ओतायचं, हे हाताला पक्कं ठाऊक. इथे थैल्या नेमक्या वरच्या पाण्यात. डोक्याला कळे, हाताला नाही. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांची मेहनत बेसिनमध्ये ओतली. ताई म्हणाल्या, "चला, मुळा नदीतल्या माशांना आता कर्करोगाची भीती नाही."

दोन हजार सालानंतर तो रोग त्यांनाच झाला. पोटात पाणी साठे, पुण्याच्या दवाखान्यात ते काढत. डॉक्टरांना विचारून त्यांनी मला बोलावलं. आमचं काम उंदरांपलीकडे गेलं नव्हतं. त्यांना त्याचा उपयोग नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. आपल्या थैल्या रक्षकांना जागं करतात का, एवढंच त्यांना जाण्याआधी कळायला हवं होतं. बर्फाच्या थर्मासात त्या पाण्याची बंद बाटली ठेवून म्हणाल्या, "एवढं एक ओतू नकोस."

पौडच्या एसटीत मी थर्मास कवटाळून बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, "चा हाय व्हय त्यात?"

"नाही. आमच्या ताईंची ठेव आहे."

"मंग झाकान घट लाव. डायवर लई आपटतुय."

प्रयोगशाळेत यंत्रातून नळी काढली आणि माझा उजवा हात सवयीनं बेसिनकडे निघाला. डाव्यानं त्याचं मनगट धरलं. असं स्वतःलाच पकडून मी पुढचं सगळं काम केलं.

काही दिवसांनी ताईंना फोनवर सांगितलं, "थोड्या रक्षक पेशी जाग्या झाल्या."

"थोड्या म्हणजे?"

"थोड्याच, ताई."

"मग खरं असणार. सगळ्या म्हणाला असतास, तर ओतलंस असंच समजले असते."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता घरी भात मीच लावतो. तांदूळ धुऊन वरचं पाणी ओतायला गेलं की हात थबकतो. मी त्या पाण्याला विचारतो, बाबा, तुझ्यात काही आहे का? आमच्याकडे जेवायला रोज उशीर होतो.