कमलआत्यांची सगळ्यात मोठी थाप

कमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. अंबरनाथहून त्यांच्या शेजारणीचा फोन होता, बिचारी रडत होती, आणि मला मात्र आधी वाटलं की ही आत्यांची नवीन थाप असणार. आपण सगळे कामधाम टाकून धावत जाऊ आणि ही बाई दारात कमरेवर हात ठेवून म्हणेल, "आलात ना? बसा, श्रीखंड केलंय." आमच्या ओमलाही तेच वाटलं. बारा वर्षांचा घोडा झालाय आता, तरी म्हणाला, "मम्मी, आत्याआजी मजाक करतेय, बघ तू." पण या वेळी थाप नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या आत्या झोपेतच गेल्या होत्या. ना आजारपण, ना कोणाला हाक. आम्ही पोचलो तेव्हा चेहरा असा होता की आत्ता डोळे उघडतील आणि आमची फजिती बघून हसतील... महिना होत आला, पण मी अजून त्या हसण्याची वाट बघते आहे.

कमलआत्या म्हणजे आमच्या ह्यांची सख्खी आत्या. लग्न केलं नाही. अंबरनाथच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि माझे सासू-सासरे लवकर गेल्यावर ह्यांना आणि सुधीरला, म्हणजे माझ्या दिराला, त्यांनीच मार्गी लावलं. बाई सरळ, स्वच्छ, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त थापा मारायच्या, आणि त्याही इतक्या निरागस चेहऱ्यानं की समोरच्याला शंका घ्यायची लाज वाटावी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "रवीनं पाहिलेल्या मुलींमध्ये तूच सगळ्यात देखणी हो!" मी आठवडाभर हवेत होते. मग कळलं की ह्यांनी मुलगी एकच पाहिली होती, ती मीच. मी स्वतः फटकळ. जे वाटतं ते तोंडावर बोलणारी. त्यामुळे मला सुरुवातीला त्यांच्या या सवयीचा राग यायचा. पण त्यांच्या थापेनं कोणाचं वाईट झालेलं मी कधी पाहिलं नाही, आणि माझ्या खरं बोलण्यानं किती जणांची तोंडं फुगली ते विचारूच नका.

त्यांची सगळ्यात मोठी थाप समजायची तर आमचं भांडण समजून घ्यावं लागेल. आमचं जुनं घर उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. मुलं झाली, जागा पुरेना, म्हणून आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. सुधीर, माझी जाऊ रूपाली आणि त्यांची मुलं जुन्या घरीच राहिली. इथपर्यंत सगळं गोडीत झालं. पण भाद्रपद आला आणि प्रश्न उभा राहिला, घरचा गणपती कुठे बसणार? हे थोरले, गणपती थोरल्याकडे, तेव्हा आम्ही बदलापूरला मूर्ती आणली. सुधीरचं म्हणणं, "गणपती या घरात बसत आलाय. घर तुम्ही सोडलंत, देव का सोबत नेला?" त्यानंही मूर्ती आणली. एका घराचे दोन गणपती झाले आणि बोलणं बंद. आजही विचाराल तर मी सांगेन, बरोबर आमचंच होतं. पण दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि आमच्या भांडणात मुलांचा पत्ता कट झाला. माझी सई आणि सुधीरचा पार्थ एका पाळण्यात वाढावीत तशी वाढलेली, वर्षाच्या अंतराची. ओम आणि त्यांची चिऊ तर एकमेकांना विसरायलाच लागली होती. अंबरनाथ दोघांच्या मध्ये. आत्या एका रविवारी इकडे यायच्या, एका रविवारी तिकडे जायच्या. एकदा सईनं त्यांच्या कानात विचारलं, "आत्याआजी, पार्थ अजून माझा भाऊ आहे ना?" मी शेजारीच होते, ऐकलं मीही. आत्यांनी घाईघाईनं चपला घातल्या आणि निघाल्या.

महिन्याभरात त्यांचा फोन आला. "रवी, देवीनं स्वप्नात येऊन ओटी मागितलीये. मुलांना घेऊन एकवीरेला जायचं. गाडी मी केलीये. माझ्या कारखान्यातल्या दोन मैत्रिणी आहेत बरोबर, बाकी कोणी नाही." आता कुलदेवीनं ओटी मागितल्यावर नाही कोण म्हणणार? मी पैठणी नेसले, नथ घातली, सईला परकर-पोलकं, ओमला कुर्ता. नारळ, खण, तांदूळ, हळद-कुंकू, नैवेद्याच्या पुरणपोळ्या. सकाळी खाली टेम्पो ट्रॅव्हलर येऊन उभी राहिली, दार सरकलं, आणि आत कारखान्यातल्या मैत्रिणींच्या जागी सुधीर आणि रूपाली. रूपालीही पैठणीत, नथीत, मांडीवर नारळांची पिशवी. तिचंही तोंड माझ्याइतकंच उघडं राहिलेलं. आत्या मधल्या सीटवर जप केल्यासारख्या डोळे मिटून बसल्या होत्या. हे मागे सरकले. "आत्या, आम्ही नाही येत." आत्यांनी एक डोळा उघडला. "देवीच्या वाटेला लागलेला माणूस मागे फिरत नाही, रवी. बस गाडीत." हे चडफडत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि सुधीर अगदी मागच्या सीटवर गेला. मी आणि रूपाली आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो, जणू बदलापूर आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

मुलंही आधी गप्प होती. मोठ्यांनी शिकवलेलं ना. पण वांगणी येईपर्यंत पार्थ सईच्या शेजारी सरकला होता, आणि कर्जतला चहाला थांबलो तेव्हा चौघांचा असा कालवा चालला होता की ड्रायव्हर मुकेश कानात बोट घालून म्हणाला, "आंटी, ये चार बच्चे हैं या चालीस?" मुकेश उल्हासनगरचाच, आत्यांच्या कटात पहिल्यापासून सामील. खोपोली मागे टाकली आणि त्यानं गाडी भलत्याच रस्त्याला वळवली. "अरे, देवीचा रस्ता वर घाटात आहे," हे ओरडले. मुकेश आरशात आत्यांकडे बघून हसला. तेवढ्यात झाडांच्या वर लोखंडाचं एक प्रचंड लाल वळण दिसलं आणि त्यावरून किंचाळत जाणारी माणसं. आधी पार्थला दिसलं. "ओ तेरी! सई, वो देख! वॉटरपार्कवालं पार्क! आपण तिकडे चाललोय!" मग जो आरडाओरडा झाला तो मी मेले तरी विसरणार नाही. चिऊ सीटवर उभी राहून नाचत होती, ओम "खरंच? खरंच? खरंच?" करत सुटला होता, आणि सई आत्यांच्या गळ्यात पडून रडत होती.

हे मात्र चिडले. "आत्या, देवीच्या नावानं खोटं बोललीस?" यावर आत्या शांतपणे म्हणाल्या, "खोटं कसं? मी कौल लावला होता. देवीच्या फोटोला फूल लावलं, म्हटलं, आई, पोरांना आधी खेळायला नेऊ का? उजवं फूल पडलं." मला राहवलं नाही. विचारलं, "पहिल्याच कौलाला?" आत्या पदर सारखा करत म्हणाल्या, "नाही गं. तिसऱ्या." रूपाली खुदकन हसली. मीही हसले, पण ते तिला दिसू नये म्हणून पुन्हा खिडकीकडे वळले.

पार्कच्या फाटकावर पिशव्या तपासणाऱ्या पोरीनं आमच्याकडे पाहिलं ते मला आजही दिसतं. सगळी दुनिया हाफ पँटमध्ये, आणि आम्ही दोघी नथी घालून, हातात ओटीचे नारळ. "मॅडम, खाने का सामान अलाउड नहीं." आत्या पुढे झाल्या. "बेटा, ये खाने का नहीं, देवी का है." पोरगी गोंधळली, तिनं वरच्या साहेबाला बोलावलं, साहेबानं नारळांना नमस्कार केला आणि ते गाडीत ठेवायला सांगितले. मुकेश दिवसभर त्या नारळांची राखण करत गाडीत झोपला. आत गेल्यावर आत्यांचं वय कुठे गळून पडलं कोण जाणे. चिऊला घेऊन गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यावर बसल्या, नऊवारी असल्यामुळे एका अंगानं, आणि दर फेरीला आम्हाला राणीसारखा हात करत होत्या. पाण्याच्या कारंज्याखाली मुलांनी ओढलं तर गेल्या. "मला म्हातारीला कोण बघतंय!" म्हणत नखशिखांत भिजल्या. दुसऱ्या फेरीला आम्हा दोघींनाही ओढलं. ओली पैठणी किती जड होते हे त्या दिवशी मला आणि रूपालीला कळलं. दोघी एकमेकींच्या निऱ्या पिळून देत होतो. बोलत नव्हतो हं अजून, फक्त पिळत होतो.

मग ते झोके घेणारं मोठं जहाज आलं. मुलांनी हट्ट धरला, दोन्ही पप्पांनी बसलंच पाहिजे, आणि सई-पार्थनं दोघांना एकाच बाकावर ढकललं. वरून लोखंडी दांडा येऊन मांडीवर घट्ट बसला. आता उठायची सोय नाही. आमच्या ह्यांना उंचीची पहिल्यापासून भीती, घरी पंखा पुसायलाही मीच चढते. जहाज एका बाजूला वर गेलं तेव्हा दोघं समोर बघत होते. दुसऱ्या बाजूला गेलं तेव्हा ह्यांनी "आई गं!" करून सुधीरचा दंड धरला. त्यानंतर सुधीरचा हात ह्यांच्या खांद्यावर कधी आला ते मला दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते. खाली आत्या सगळ्यांच्या चपला पोटाशी धरून उभ्या होत्या. त्या दिवसभरात पहिल्यांदाच त्या हसत नव्हत्या. ओठ हलत होते, बहुतेक देवीलाच काहीतरी सांगत असाव्यात. जहाज थांबलं, हे उतरले आणि झाडाखाली जाऊन भडाभडा ओकले. सुधीर पाठ चोळत होता. दोन वर्षांनी तो पहिल्यांदा बोलला. "दादा, पाणी पी. पाचवीच्या सहलीत पण असाच ओकला होतास, माझ्या नव्या शर्टावर." हे ओकता ओकता हसायला लागले. ते दृश्य सुंदर मुळीच नव्हतं. पण मला विचाराल तर त्याहून सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

पुरणपोळ्या आम्ही गाडीत बसून खाल्ल्या, दोन्ही डब्यांतल्या एकत्र करून. देवीला त्या दिवशी काही पोचलो नाही. "दंड भरावा लागेल," म्हणून आत्यांनी पुढच्या महिन्यात पुन्हा सगळ्यांना खरंखुरं एकवीरेला नेलं. गणपती अजूनही दोन आहेत. त्यावर आत्यांचं एकच म्हणणं, "देव दोन झाले तर होऊ देत, आरतीला पोरं एक हवीत." तेव्हापासून सकाळची आरती उल्हासनगरला आणि संध्याकाळची बदलापूरला, चारही पोरं दोन्हीकडे. शिवाय दर शनिवारी अंबरनाथला त्यांच्या खोलीवर सगळ्यांनी जेवायचं, हा नियम त्यांनी घालून दिला आणि तो गेल्या सात वर्षांत क्वचितच मोडला.

आत्यांचं दिवसकार्य झालं आणि मला भीती वाटायला लागली. ती मी ह्यांनाही बोलले नाही. खोली भाड्याची, महिनाअखेर सोडायची असं दोघा भावांचं ठरलं होतं. मग अंबरनाथला उतरायचं कोणासाठी? ते तिकडे, आम्ही इकडे, हळूहळू फोनवर येणार आणि मग फोनही सणावारी... शनिवार आला. ना त्यांचा फोन, ना आमचा. संध्याकाळी मला घरात बसवेना. ह्यांना म्हटलं, आत्यांच्या खोलीतल्या कुंड्यांना पाणी घालून येते, आणि निघाले.

खोलीचं दार उघडंच होतं. आत आत्यांच्या शेगडीवर मोठं पातेलं, आणि पदर खोचून रूपाली. मला बघून दचकली. "ताई, मी... भांडी आवरायला आले होते." मी पातेल्यात डोकावले. आठ जणांची वांग्याची भाजी होती. मी परातीत पीठ घेतलं आणि मळायला बसले. थोड्या वेळानं ह्यांना फोन केला, मुलांना घेऊन या. तिनंही केला. अंधार पडायच्या आत सगळे आले, आत्यांच्या पलंगावर, जमिनीवर, उंबऱ्यात, जागा मिळेल तिथे बसले. रूपालीनं वाढलं. मी पहिला घास घेतला. मीठ जास्त झालं होतं, चांगलंच जास्त. रूपाली डाव हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती. चव कशी झाली हे मी तोंडावर सांगते, हे तिला इतक्या वर्षांत पुरतं माहीत झालेलं.

"मस्त झालीये गं," मी म्हणाले. "वाढ अजून."