शिवून टाकलेली फाट

डॅनिश विद्यार्थ्यांच्या आंदोलनातला लाल बॅनर बोदिल थेस्ट्रुपने पन्नास वर्षं माळ्यावर जपला होता. पोलिसांच्या कुत्र्याने तो फाडला होता. विद्यापीठ मात्र तेव्हापासून म्हणत होतं, आवारात कुत्रे आलेच नव्हते.

यंदा तिने तो त्याच विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिला. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ती काचेच्या पेटीसमोर उभी राहिली, तर फाट गायब!

"कसला शिवलाय ना?" संग्रहालयाचा आस्गर खुशीत म्हणाला. "कुणाला कळणारही नाही."

"तू संग्रहालयवाला आहेस की पोलिसांचा शिंपी?" बोदिल कडाडली.

"अहो बोदिल, फाटका कसा मांडायचा? कुलगुरू येतायत."

"त्यांना दाखवायलाच जपला होता, बाबा. पेटी उघड."

आस्गर लालबुंद झाला, पण त्याने किल्ली लावली. बोदिलने पर्समधून नखांची कात्री काढली आणि तेवढ्यात येऊन पोचलेल्या कुलगुरूंच्या देखत पहिला टाका कापला.