हातभर गोधडी, वाशीभर संशय

दुकानदाराला किस्से जमवावे लागत नाहीत, ते गल्ल्याखालच्या धुळीसारखे आपोआप साठतात. त्यातही कापडाचं दुकान म्हणजे विचारू नका. माणूस कापड चाचपायला हात पुढे करतो आणि तोंड मोकळं सोडतो. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढचं सगळं मला गिऱ्हाइकांनी शिकवलं.

वाशीत तेव्हा वस्ती नुकती भरत होती. खाडीवर पूल झाला होता, रेल्वे मात्र फक्त बोलण्यात होती. ऐंशी सालच्या आगेमागे आमच्या महिला मंडळाने बाळाच्या गोधडीची स्पर्धा ठेवली. अध्यक्षा कर्णिकबाईंनी तीन नियम फळ्यावर लिहिले. गोधडी हातभर रुंद आणि दीड हात लांब. शिवण हाताची. कापड जुनंच!

माझी बायको सुमन रोज दुपारी, दुकान बंद असताना, हौस म्हणून सुई घेऊन बसायची. तिनेही नाव दिलं. म्हणाली, "सगळी वाशी मला शेठाणी म्हणते. एकदा तरी लोकांनी म्हणू दे, ही सुमनने केलीय."

एवढंच मागणं. पण कापडवाल्याची बायको जुन्या कापडाच्या स्पर्धेत! संशयाचा पहिला टाका तिथेच पडला.

* * *

नियम जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात बायका कुजबुजायला लागल्या. एरवी "शेठ, रंग पक्का ना?" विचारणाऱ्या बाया आता उलटं विचारू लागल्या. एक बाई तर काउंटरवर वाकून, इकडेतिकडे बघून म्हणाली, "शेठ, असं काही दाखवा ना, की दोन धुण्यांत जुनं दिसेल."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही आत या. माझं सगळंच कापड तसं आहे!"

बाई हसली नाही. दोन मीटर घेऊन गेली.

* * *

आमच्याकडे एक बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. जुनी साडी द्या, पातेलं घ्या, असा तिचा सरळ धंदा. स्पर्धेच्या आधी मात्र तिला कुणी चिंधी देईना. उलट चाळीतल्या, बिल्डिंगमधल्या बाया तिलाच अडवायला लागल्या. "हे पातेलं परत घे, पण माझं ते जांभळं लुगडं दे!"

बोहारीण जन्मभर घासाघीस करत आलेली, पण असलं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं. ती धावत माझ्या दुकानात आली. बोचकं पोटाशी घट्ट धरलेलं.

"शेठ, खरं सांगा, जुन्या कापडात काय निघालं? सोन्याची जर निघाली का?"

"नाही गं बाई, गोधडीची स्पर्धा आहे."

"गोधडीसाठी कुणी पातेलं परत करतं? मला येडी समजता?"

ती गेली आणि महिनाभर वाशीत फिरकलीच नाही. मला नंतर कळलं, घरी बसून ती जुन्या साड्यांचे काठ उसवून बघत होती.

* * *

नमुना कुणी कुणाला दाखवत नव्हतं. दार वाजलं की गोधडी उशीखाली, डब्यात, नाहीतर पिठाच्या पिंपात. आमच्या शेजारच्या कांबळेबाई बेलापूरला ऑफिसात टायपिस्ट होत्या. बाई मोठी गोड, कोकणातली, पण नजर टाइप करताना असते तशी, एक अक्षर सुटायचं नाही.

एका रविवारी त्या वाटी घेऊन आल्या, साखर मागायला. सुमनने गोधडी पटकन खाली घातली आणि वर बसली. साखर द्यायला उठेचना! मलाच हाक मारली, "अहो, कांबळेबाईंना साखर द्या जरा." मी दिली. कांबळेबाई जाईनात. इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसल्या. सुमनही हलेना. पाय आखडले, तरी हसून बोलतेय.

शेवटी कांबळेबाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सुमनताई, तुमची अंडी उबली की सांगा हं."

सुमन म्हणाली, "सांगीन की. पण आधी तुमच्या घरातली साखर संपू दे. सकाळीच रेशनची आलीय ना?"

* * *

मग अफवा उठली की कापडवाल्याकडे शिंपी आहे, तो मशीनवर गोधडी मारून देतोय. कर्णिकबाईंनी लगेच फर्मान काढलं. ज्या गोधडीचा टाका फार सरळ दिसेल, तिची चौकशी होईल!

कर्णिकबाईंना वाटलं, चोर सापडतील. झालं भलतंच. ज्यांचे टाके मुळात वाकडे होते त्या निवांत झाल्या. ज्यांचा हात चांगला, त्यांची झोप उडाली. सुमनचा धावदोरा म्हणजे मुंग्यांची रांग, एक मुंगी इकडची तिकडे नाही. ती दुपारभर बसून चांगले टाके उसवायची आणि वाकडे घालायची. तेही धड जमेनात.

"अहो, वाकडं कसं घालतात हो?"

मी म्हणालो, "कर्णिकबाईंची गोधडी बघून ये."

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाकडे टाके उसवून तिने परत सरळ घातले. म्हणाली, "चौकशी झाली तर होऊ दे. पण माझं नाव लागणार असेल तर ह्या हाताला लागू दे."

धंद्यात मी माल चांगला दाखवायची धडपड पाहिली होती. चांगला माल खराब करायची स्पर्धा ही पहिलीच!

* * *

गोधड्या मंडळात जमा करायचा दिवस आला. कर्णिकबाई प्रत्येक गोधडी चाचपून घेत होत्या. सुमनच्या गोधडीच्या कोपऱ्यात त्यांच्या बोटांना काहीतरी टणक लागलं.

"हे काय लपवलंय?"

"घास आहे, बाई."

"कसला घास?"

"भाकरीचा तुकडा. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी गोधडीला भरवायचा असतो. ती उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब कशी देईल? आमच्या कराडकडे सगळ्या घालतात."

कर्णिकबाई शहरात वाढलेल्या. त्यांनी चष्मा वर केला. "तोडगाबिडगा तर नाही ना? उसवून बघावं लागेल."

सुमनने कात्री पुढे केली. "उसवा. पण मग परत तुमच्या हाताने भरवायचं."

कात्री कुणी घेईना. कांबळेबाईंनी बाजू सावरली. "माझी आजी तांदूळ घालायची. राहू द्या हो बाई." शेवटी सुमनची गोधडी वेगळ्या टेबलावर ठेवली, मुंग्या होतील म्हणून. आणि बाकीच्या बायकांनी आपापल्या गोधड्या घरी नेऊन 'शेवटचा हात फिरवायला' एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात गाठ! कुणी चपाती, कुणी पुरी. एकीच्या कोपऱ्यातून कुरकुर आवाज येत होता. तिने खारी घातली होती.

* * *

निकालाच्या दिवशी परीक्षक म्हणून चित्रकलेचे एक मास्तर बोलावले होते. बायांनी आधी त्यांचं मूळ गाव विचारलं, मग बायकोचं माहेर, मग ते चहा कुणाच्या घरी प्यायले ते. मास्तर "पान खाऊन येतो" म्हणाले आणि ठाण्याच्या बसमध्ये बसले.

आता काय? कांबळेबाई म्हणाल्या, "गोधडी बाळाची आहे ना? मग बाळालाच विचारा."

वाशीतल्याच जुहूगावच्या म्हात्रेकाकी नातवाला काखेत घेऊन मजा बघायला आल्या होत्या. पोर सकाळपासून किंचाळत होतं. कर्णिकबाईंनी विचारलं, "हे बाळ इथल्या कुणाच्या नात्यातलं नाही ना?"

मागून एक आवाज आला, "ह्याचे कपडे शेठच्या दुकानातून घेत नाही ना, ते विचारा!"

काकी म्हणाल्या, "त्याला आजून चड्डी पन नाय, कापर कुठला घेतंय!"

गोधड्या ओळीने अंथरल्या. कर्णिकबाईंच्या गोधडीवर ठेवलं, पोराने हॉल डोक्यावर घेतला. कांबळेबाईंच्या गोधडीवर दोन घटका रंग बघितले आणि परत सूर लावला. असं करत सुमनची आली. पोराने एकदा गाल घासला, अंगठा तोंडात घातला आणि झोपलं.

सुमन भिंतीला टेकून उभी, पदराचं टोक मुठीत.

कर्णिकबाई वाकल्या, बाळाच्या तोंडाचा वास घेतला. "काकी, बाळगुटी जरा जास्त झालीय का?"

"गप रव गो! सकालपासून आता झोपलाय!"

माइकवर निकाल सांगावा तर पोर उठणार. सगळ्या खुणांनी बोलायला लागल्या. शेवटी काकींनी पोराला गोधडीसकट गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि चालायला लागल्या.

कर्णिकबाई चवड्यांवर मागे धावल्या. "अहो काकी, ती स्पर्धेची आहे! अजून नंबर काढायचेत!"

काकी दारात वळल्या. "कोनाची हाय ही गोधरी?"

कर्णिकबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "सुमनची. सुमनने शिवलीय."

"मंग सुमनला सांगा, धुऊन पाठवीन." आणि काकी गेल्या.

कर्णिकबाई रिकाम्या टेबलापाशी आल्या. "अगं सुमन, आता गोधडीच नाही तर नंबर कुणाला द्यायचा?"

सुमनने पिशवी खांद्याला लावली.

"ज्या गोधड्या इथे बसून राहिल्यात त्यांना द्या. माझी कामाला लागली!"