पायजाम्याच्या नाडीसाठी पियानो

माझा डावा हात गेला त्या सकाळी मी वांग्याच्या वाफ्यात उभा राहून बायकोशी भांडत होतो. भांडण कशावरून होतं ते आता आठवत नाही, पण मी जिंकत होतो एवढं नक्की. मधेच जीभ जड झाली आणि शब्द तोंडातल्या तोंडात फिरायला लागले. बायकोला वाटलं, हरला. मग मी वाफ्यातच बसकण मारली तेव्हा तिला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे.

लकवा. दवाखान्यात आठ दिवस काढले. पाय आठवडाभरात आला. जीभ तर दोन दिवसांतच आली, आणि बायको म्हणते, गेली होती त्यापेक्षा लांब होऊन आली. डाव्या हाताची बोटं तेवढी आली नाहीत. म्हणजे हाताला होती, दिसत होती, पण माझं ऐकत नव्हती. हल म्हटलं तर पाचही एकदम हलायची, नाहीतर एकही नाही.

एका हाताने पुष्कळ काही होतं, हे मला तेव्हा कळलं. जेवता येतं, मोबाईल पाहता येतो, तंबाखूचा खर्रा खाता येतो, आणि शिव्यांना तर हात लागतच नाही. पण पायजाम्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही. खोटं वाटत असेल तर करून पाहा. लुंगी बायकोने बंद केली होती, कारण ती दोनदा ऐन दारात सुटली आणि दुसऱ्यांदा समोर तिची मावशी उभी होती. मग ती बाजारातून इलास्टिकचा पायजामा घेऊन आली. मी तो कोपऱ्यात फेकला.

"इलास्टिक लहान पोराईले अन् हरलेल्या मानसाईले," मी म्हणालो.

"बरं बाप्पा, राजे, या इकडं," ती म्हणाली आणि माझी नाडी तिने बांधली.

सेलूच्या बाजारात आम्ही भाजी विकतो. पहाटे मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि ओसरीत बसून जुड्या बांधायच्या. जुड्या बांधण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. बायको दोन बांधेपर्यंत माझ्या तीन व्हायच्या, आणि ते मी तिला रोज ऐकवायचो. आता ती एकटीच बांधायची. पण त्याआधी उठून मला बांधायची, म्हणजे जुड्यांच्या कामाला माझ्यापासूनच सुरुवात. कमरेशी वाकून ती गाठ मारायची आणि मी छताकडे पाहत उभा राहायचो. बावन्न वर्षांचा माणूस. मला फार लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसायचो. ती गाठ ओढून जुड्यांकडे वळायची, आणि त्याचा मला आणखी राग यायचा.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मुलीने दाबायला एक पिवळा चेंडू दिला होता. तो मी कुत्र्याला दिला. तेव्हा ती म्हणाली, "काका, मग काहीतरी वाजवायला शिका. बोटं सुटी होतील." माझी मुलगी नागपूरला नोकरी करते. तिने फोनवरून शोधाशोध केली आणि तिकडूनच माझं नाव घालून टाकलं. आमच्याच गावात, कृषी केंद्राच्या माडीवर, संगीत विद्यालय. पाटीवर गायन, हार्मोनियम, तबला, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत पियानो.

मी भाजीवाला माणूस. पियानो सिनेमात पाहिलेला, तोही त्याच्यावर हात आपटून नायक रडतो तेवढाच. माडीवर गेलो तर खालून फवारणीच्या औषधाचा वास, आणि समोर सतरंजीवर आठ-नऊ वर्षांची बारा पोट्टी. पियानो म्हणजे लाकडी फळीवर ठेवलेला एक लांब कीबोर्ड निघाला. त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर विणलेलं झाकण होतं, आणि झाकणावर सरांचं हजेरीचं रजिस्टर, चष्म्याचं घर आणि खर्ऱ्याची पुडी. मला वाटलं, तिकडच्या पट्ट्या म्हणजे गाडीची स्टेपनी असेल. लागल्या तर काढायच्या.

सर पासष्टीचे, काटकुळे. सगळी हयात भजनात पेटी वाजवण्यात गेलेली. त्यांनी माझ्या लोंबत्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही काळजी करू नका भाऊ. पियानोले डावा हात लागतच नाई."

आता इथे कोणत्याही शहाण्या माणसाने चप्पल घालून घरी यायला हवं होतं. मी डाव्या हातासाठी आलो होतो. पण दुखऱ्या जागेवर कोणी बोट ठेवलं नाही की माणूस किती खूश होतो! मी म्हणालो, "वा!" आणि बसलो.

चार महिने मी उजव्या हाताने पियानो शिकलो. पोट्टी डावा हात कीबोर्डच्या बाजूला हवेत पुढे-मागे हलवत राहायची, माशा हाकलल्यासारखी. "हात चालू ठेवा रे, ताल सुटते!" असं सर ओरडायचे. मला त्यातून सूट होती. मी लवकर शिकलो. दोन भजनं आणि एक आरती बसली. परीक्षेत पोट्ट्यांमधून पहिला आलो. दुसरी आलेली मुलगी तिसरीत होती आणि ती रडली. मी तिची समजूत घातली नाही, उलट घरी येऊन तीनदा सांगितलं की पहिला आलो. बायको पोळ्या लाटत होती. "लय झालं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी माझी नाडी बांधली.

दिवाळीला मुलगी आली. मी तिला माडीवर नेलं, झोकात बसलो आणि आरती वाजवून दाखवली. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग हवा हाकलणाऱ्या पोट्ट्यांकडे पाहिलं.

"बाबा, डावा हात कुठं हाय?"

"मांडीवर."

"अन् हे पोट्टे काय करून राह्यले?"

"ताल धरून राह्यले."

तिने खिशातून मोबाईल काढला आणि मला तीन-चार माणसं दाखवली. काळी, गोरी, म्हातारी, लहान. सगळे दोन्ही हातांनी वाजवत होते. झाकणाखालच्या पट्ट्यांवर तर धो धो वाजवत होते.

"बाबा, हे पोट्टे भाता मारून राह्यले," ती म्हणाली. "पेटीचा. इथं पेटी नाई, भाता नाई, पन तुमच्या सरानं जशी पेटी शिकवाची तसाच पियानो शिकवला!"

माझ्या डोक्यात जाळ झाला. चार महिने! मुलीला घरी पाठवलं आणि पोट्टी जाईपर्यंत जिन्यात थांबलो. मग वर जाऊन सरांना असं झापलं की खाली कृषी केंद्रातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन वर पाहायला लागलं. लबाड म्हणालो, ढोंगी म्हणालो. जे म्हणालो त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खर्ऱ्याची पुडी, चष्म्याचं घर, रजिस्टर एकेक करून खाली ठेवलं आणि झाकण काढलं. उजवीकडच्या पट्ट्या हात लागून लागून पिवळ्या पडलेल्या. डावीकडच्या दुकानातून आल्या तशा पांढऱ्याशुभ्र.

"पेटीले कोनी येत नाई भाऊ," ते म्हणाले. "पाटीवर पियानो लिवलं तं पोट्टे आले. म्या इचार केला, पट्ट्या तं सारख्याच दिसते." त्यांनी डावा हात पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवला आणि एक बोट उचलायला गेले. चार उठली. "चाळीस वर्सं या हातानं भाताच मारला. मागं-पुढं, मागं-पुढं. याले दुसरं काहीच येत नाई."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या. दोन्ही सारखेच निर्बुद्ध.

"म्हनजे लकवा तुमाले बी हाय!" मी म्हणालो.

आधी ते हसले. मग मी. राग गेला नव्हता, पण हसू आवरेना, आणि हसताना माणसाला नीट शिव्या देता येत नाहीत.

"तुमच्या पोरीचं पोट्ट्याईनं ऐकलं, आता पालकाईले सांगतीन," सर एकदम हसू थांबवून म्हणाले. "विद्यालय बंद पडन माहं."

"मंग शिका," मी म्हणालो. "मले बी शिकाचं हाय. उद्या पाच वाजता येतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी कोपऱ्यातली पेटी काढली, धूळ झटकली आणि मला भात्याशी बसवलं. "बोटाईचं मंग पाहू. आधी अख्खा हात." तळहात भात्यावर टेकवून मी ढकलायचो, ते पेटी वाजवायचे. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत घाम फुटला आणि पेटी दम्याच्या रोग्यासारखी सुस्कारे टाकत होती. पण हात मागे-पुढे जात होता. महिनाभर मी नुसता भाता मारला. चाळीस वर्षं जे एकच काम सरांच्या हाताला येत होतं, ते त्यांनी मला झाडून सगळं दिलं.

मग आम्ही दोघे कीबोर्डच्या डाव्या बाजूला खेटून बसायला लागलो. मुलीने पाठवलेला धडा मोबाईलवर लावायचा आणि करंगळी, अनामिका, मधलं, एकेक बोट उचलायचं. शिकवणारा कोणी नाही, दोघेही ढ. पंधरा दिवसांत सरांची अनामिका सुटली, माझी नाही. मी इतका जळलो की दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी सर घरी आले आणि बायकोसमोर म्हणाले, "काऊन भाऊ, हरले का?" बायकोने आतून इलास्टिकचा पायजामा आणून खाटेवर ठेवला. मी तडक माडीवर गेलो.

पोट्ट्यांनाही सरांनी सांगून टाकलं. उभे राहून, स्पष्ट. "मले येत नोतं म्हून तुमाले शिकवलं नाई. आता सारेच शिकू." मला वाटलं, उद्यापासून माडी रिकामी. दोन मुलांची नावं गेली, बाकीची राहिली. मास्तरच धडा चुकतो म्हटल्यावर मुलांना फारच मजा यायला लागली. माझ्या हातून हरलेली तिसरीतली मुलगी सगळ्यांच्या पुढे गेली आणि आम्हा दोघांना रागवायला लागली.

उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यालयाचा कार्यक्रम ठरला, संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. मी एक भजन वाजवणार होतो. उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने नुसतं सा आणि प, आलटून पालटून. ऐकणाऱ्याला यात काही नाही. मला त्यासाठी पाच महिने लागले होते.

बायको आदल्या दिवशी रोहण्याला भावाकडे गेली होती. सकाळच्या गाडीने येणार होती, आणि तोवर मी बंदी घातलेली लुंगी मुठीत धरून घरातच बसलो होतो. दुपारी फोन आला, "अजी, गाडी चुकली. मी आता सरळ हॉलमंदीच येतो. तो इलास्टिकचा ठेवला हाय खाटेवर, घालजा मुकाट्यानं."

चार वाजले. खाटेवर इस्त्री केलेला झब्बा, शेजारी इलास्टिकचा पायजामा, आणि दोरीवर माझा नाडीचा. शेजाऱ्याला हाक मारावी असं एकदा मनात आलं. पण त्याच्याकडून नाडी बांधून घेतली असती तर सेलूच्या बाजारात मला नवीन नाव पडलं असतं. मी झब्बा चढवला, दोरीवरचा नाडीचा ओढला, पाय घातले, भिंतीला पाठ टेकवली, डाव्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात एक टोक धरलं. निसटलं. पुन्हा धरलं. निसटलं. सरांना, मुलीला, पियानो काढणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. घामाने झब्बा ओला झाला. कितव्यांदा कोण जाणे, टोक हातात राहिलं. मी उजव्या हाताने फास फिरवला आणि जीव खाऊन ओढला. बसली! भरवसा नव्हता म्हणून वरून आणखी दोन मारल्या.

भजन बरं झालं. प दोनदा चुकला, शेवटच्या रांगेतून बायको कमरेकडे बोट दाखवत काय हातवारे करत होती मला कळलं नाही, सर पेटीवर होते आणि रडत होते. नंतर मी तीन कप चहा प्यायलो. मोठी चूक.

घरी पोचेपर्यंत माझं पोट फुटायला आलं होतं आणि गाठ सुटत नव्हती. "अवं, कात्री आन! लवकर!" मी ओरडलो.

बायको कात्री घेऊन आली, वाकली आणि थांबली. गाठीला बोट लावून पाहिलं. "ही कोनं बांधली?"

"तुह्या मावशीनं! काप लवकर, मले लागली हाय!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कात्री उचलून फळीवर ठेवली. "बांधली तुमी, तं सोडा बी तुमीच," म्हणाली आणि आत निघून गेली.

काय काय बोललो मी तिला! बोलता बोलताच डाव्या अंगठ्याचं नख गाठीत घातलं, आणि एक सुटली, मग दुसरी, मग तिसरी. आतून तिने विचारलं, "सुटली का?" पण तोवर मी मोरीकडे धावत होतो.

परत आलो तेव्हा ती गॅससमोर उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी पायजामा मुठीत धरून दारात उभा.

"बांधून देऊ?"

"नको."

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मंग मी आता सकाळी उठून काय करू?"

वर्षभर मी तिच्यावर ज्या कामासाठी खेकसत होतो, ते काम गेलं म्हणून ती रडत होती.

"मेथी काढाची हाय नं उद्या," मी म्हणालो. "जुड्या बांधू. मी बी बसतो तुह्यासंगं."

तिने नाक ओढलं, माझ्या मुठीकडे पाहिलं, खाली लोंबणाऱ्या चुरगळलेल्या नाडीकडे पाहिलं.

"बसा," ती म्हणाली. "पन तुमची जुडी गिऱ्हाइकाले सुटन का?"